साडेपाचशेचा स्विच आणि तीन म्हातारी मशिनं

स्विच आणला त्या दिवशी जाऊबाईंनी डबा हातात घेऊन उलटापालटा केला आणि विचारलं, "साडेपाचशेचा स्विच? सोन्याचा आहे का?" प्रश्न रास्त होता. आमच्याकडे स्विच म्हणजे भिंतीवरचं बटण, आणि ते इंदूरच्या महाराणी रोडवर तीस-चाळीस रुपयांत मिळतं. हा स्विच म्हणजे घरातले कॉम्प्युटर वायरीनं एकमेकांना जोडणारा, अंगाच्या साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, काळा प्लॅस्टिकचा डबा. मागे पाच पोर्ट, म्हणजे वायरी खोचायची भोकं, पुढे बारीक हिरवे दिवे. आत पंखा नाही, बाहेर बटण नाही, सोबत सीडी नाही, पासवर्ड नाही. वायरी खोचायच्या, अडाप्टर लावायचा, झालं. निदान खोक्यावरच्या चित्रात तरी तसंच होतं. मला सगळं सुरू व्हायला सतरा दिवस लागले. त्यातला एकही दिवस या डब्यामुळे गेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

मी रामबागेत राहते आणि १९९८ पासून घरबसल्या मराठी डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायचं काम, करते. मुंजीच्या, लग्नाच्या पत्रिका, गणेश मंडळांच्या स्मरणिका, कोणाच्या वडिलांच्या पंच्याहत्तरीला काढलेला कवितासंग्रह. इंदुरात मराठी मजकूर जुळवून ऱ्हस्व-दीर्घासकट हातात ठेवणारे आता मोजकेच उरले, त्यामुळे काम येत राहतं. दर मात्र २०११ चेच.

मशिनं तीन. खालच्या खोलीत पेंटियम फोर, ५१२ एमबी रॅम, विंडोज एक्सपी. हे मशीन टाकून देता येत नाही, कारण पानं लावायचं पेजमेकर ७ आणि मराठी फॉन्टांचं श्रीलिपी त्याच्यावर आहेत आणि श्रीलिपीचं लॉक, म्हणजे जे लावल्याशिवाय ते चालत नाही तो तुकडा, मागच्या पंचवीस टाचण्यांच्या प्रिंटर पोर्टात बसतं. नव्या मशीनला ते पोर्टच नसतं. वरच्या खोलीत कोअर टू ड्युओ, विंडोज सेव्हन. त्याला स्कॅनर आणि लेसर प्रिंटर. तिसरा, मुलीनं पुण्याला जाताना मागे ठेवलेला लॅपटॉप, विंडोज टेन. गिऱ्हाइकांचे मेल आणि व्हॉट्सॲपवरचे फोटो त्याच्यावर येतात.

म्हणजे फोटो येतो लॅपटॉपवर, स्कॅन होतो वर, पान लागतं खाली, प्रिंट निघतो पुन्हा वर. मधल्या सगळ्या प्रवासाला वाहन एकच: पेनड्राइव्ह. आमचा जिना एकोणीस पायऱ्यांचा आणि माझे गुडघे एकसष्ट वर्षांचे. तरी मी जिन्याला कंटाळून हे सगळं केलं असं नाही. एका छापखान्यातून परत आलेल्या पेनड्राइव्हमुळे माझ्या सगळ्या फोल्डरांचे बाण झाले. शॉर्टकट व्हायरस. फोल्डर लपून बसतात आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट दिसतात. त्यांवर क्लिक केलं की तो पुढच्या मशिनात पसरतो. दोन स्मरणिका आणि एक मंगलाष्टकांची पुस्तिका परत मिळवण्यात आठवडा गेला. मग ठरवलं, मशिनं वायरीनंच जोडायची.

नेटवर्क मला अगदीच परकं नव्हतं. घरचं काम सुरू करण्याआधी मी दोन वर्षं एका छापखान्यात होते. तिथे टीव्हीच्या वायरीसारखी जाड काळी गोल वायर एका मशीनवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जायची. प्रत्येक मशीनमागे इंग्रजी टी अक्षरासारखा तुकडा आणि दोन्ही टोकांच्या मशिनांवर पन्नास ओहमची एकेक टोपी. ती टोपी नसली की सिग्नल टोकावरून आपटून परत येतो आणि सगळं नेटवर्क आडवं होतं. एकदा झाडू मारताना कोपऱ्यातलं टेबल सरकलं, टोपी पडली, आणि ऐन निवडणुकीच्या पत्रकांच्या गर्दीत अख्खा छापखाना दीड तास हात जोडून बसला. साडेपाचशेच्या डब्यात हे रडगाणं नाही. प्रत्येक मशीनची वायर वेगळी, एकीचं काही झालं तर बाकीच्यांना पत्ताही लागत नाही.

आता तक्रारीचा भाग. वायर ओढायला मी एका दुकानातून मुलगा बोलावला. दुकानाचं नाव लिहीत नाही. मुलगा वागायला चांगला होता, चहा घेतला, बूट बाहेर काढले. एक्सपी बघून मात्र म्हणाला, "आंटीजी, ये तो भंगार है. फेंको इसको." मग बत्तीस हजारांच्या नव्या मशीनचं कोटेशन. ते नको म्हटल्यावर एक्सपीला वायफायचं छोटं यूएसबी लावू या म्हणाला. तेही मी नको म्हटलं. एक तर आमच्या भिंती दीड-दोन फुटी, वरच्या राउटरचं वायफाय खालच्या खोलीत पोचेपर्यंत दम टाकतं. दुसरं, एक्सपीवर चालणारे ड्रायव्हर (मशीनला जोडलेली वस्तू चालवणारं सॉफ्टवेअर) असलेलं वायफाय यूएसबी आता शोधावं लागतं. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: वायफायला जोडलं म्हणजे एक्सपी इंटरनेटवर गेलं. मायक्रोसॉफ्टनं एक्सपीला सुरक्षेचे अपडेट देणं ८ एप्रिल २०१४ ला थांबवलं. त्या मशीनला आता बाहेरची हवा लागू द्यायची नाही, ही माझी पहिली अट होती. म्हणूनच साधा स्विच; राउटरशी ज्याचं काही देणंघेणं नाही असा.

मुलानं बावीस मीटर वायर जिन्याच्या कडेनं, झरोक्यातून, खाली उतरवली. दोन्ही टोकांना जॅक लावले. खिशातून टेस्टर काढला, त्यावर एक ते आठ दिवे ओळीनं हिरवे लागले. वायरीचे पैसे वेगळे आणि मजुरी सातशे घेऊन गेला.

स्विचवर दिवा लागला. एक्सपीच्या कोपऱ्यातले दोन छोटे टीव्हीही उजळले. पण चार फायली धड जायच्या आणि पाचवी मधेच गळाठून पडायची. पिंग करून, म्हणजे एका मशीननं दुसऱ्याला हाक मारून, बघितलं तर दहातली तीन उत्तरं गायब. चाळीस एमबीची पानं पाठवायला लावून मी आमटीला फोडणी दिली, वर आले, तर पट्टी अर्ध्यावरच. मुलाला फोन केला. "टेस्टर में तो सब हरा है, आंटीजी. आपका सीपीयू पुराना है." इथे मला थोडी शंका आली होती की खरंच असेल. म्हाताऱ्या वस्तूवर दोष ढकलला की म्हातारी माणसं पटकन मान्य करतात.

बडोद्याचा भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, जॅकमधले रंग वाचून दाखव." मी प्रूफं तपासायचं भिंग घेतलं आणि वाचलं: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना अगदी हाच क्रम. मला तर छान शिस्तीत वाटला. भाचा म्हणाला, "हेच चुकलंय."

बरोबर क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याच्या जोडीत निळ्याची जोडी घुसलेली. आधी मला हा वेडेपणा वाटला. कारण समजलं तेव्हा मात्र पटलं. या वायरीत आठ तारा म्हणजे चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडी एकमेकींना पिळलेली असते. जोडीतल्या एका तारेवर जो सिग्नल जातो, तोच उलटा दुसरीवर जातो. बाहेरचा गोंगाट, म्हणजे ट्यूबलाइटचा, पाण्याच्या मोटरचा, दोन्हींवर सारखाच पडतो आणि पलीकडे वजाबाकीत निघून जातो. पण हे दोन्ही तारा एकाच पिळातल्या असतील तरच. शंभर एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिटच्या, नेटवर्कला जोड्या दोनच लागतात: पहिल्या-दुसऱ्या टाचणीची एक आणि तिसऱ्या-सहाव्या टाचणीची दुसरी. त्या मुलाच्या क्रमात तिसरीवर पांढरा-हिरवा आला आणि सहावीवर निळा. म्हणजे नवरा एका घरचा आणि बायको दुसऱ्या लग्नातली. दोन मीटरच्या वायरीत हे खपून जातं, बावीस मीटरमध्ये नाही.

आणि टेस्टर? टेस्टर फक्त इकडची पहिली तिकडच्या पहिलीला लागली का, दुसरी दुसरीला लागली का, एवढंच बघतो. जोड्या त्याला कळत नाहीत. 'पाणी' लिहायचं तिथे 'पाटी' छापलं, तर स्पेलचेकला काही वाटत नाही. शब्द दोन्ही शुद्धच आहेत. अशा चुका पकडण्यात माझं आयुष्य गेलं. भिंग हातात असून ही पकडायला मला दुसऱ्यानं सांगावं लागलं, याचं जरा वाईट वाटलं.

मग मी त्या वायरीचा जॅकसकट तुकडा पिशवीत घालून जेल रोडला गेले. स्विच तिथल्याच एका बोळातल्या छोट्या दुकानातून घेतला होता. काउंटरवर दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला रस्त्यावर उभं राहावं लागतं, असं दुकान. मालक साठीचे. त्यांनी जॅककडे बघायच्या आधी वायर सोलली, एका तारेवर ब्लेड फिरवलं आणि माझ्यापुढे धरली. वरून तांबूस, आत पांढरी. "ये तांबा नहीं है, बेनजी. ॲल्युमिनियम पे पॉलिश है." तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या वायरी बाजारात भरपूर आहेत, स्वस्त पडतात, वजनाला हलक्या असतात. तारेचा विरोध जास्त, दोनदा वाकवली की तुटते. वायर घ्यायला जाल तर ब्लेडची ही खूण लक्षात ठेवा. दुकानदार खरवडू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा.

त्यांच्याकडून पूर्ण तांब्याची पंचवीस मीटर घेतली, बावीस रुपये मीटर. म्हणजे साडेपाचशेच, स्विचच्याच किमतीची! जॅक त्यांनी माझ्यासमोर लावले, रंग मोठ्यानं म्हणत, शाळेत पाढे म्हणतात तसे. मी दोन्ही टोकं भिंगातून तपासली. ते हसले, पण थांबले. जॅक लावायचे चाळीस रुपये झाले. वायर ओढायला पुतण्याला हाताशी घेतलं आणि पिंगची दहाच्या दहा उत्तरं आली. तेव्हापासून आजपर्यंत फाइल मधेच अडकलेली नाही.

वेग सांगते. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून शंभर एमबीपीएस म्हणजे हिशेबानं सेकंदाला साडेबारा एमबी. मला आठच्या आसपास मिळतो, कारण एक्सपीची डिस्क तेवढंच पाणी पिते. सातशे एमबीचा जुन्या फोटोंचा ढीग दीड मिनिटात खाली आला. पत्रिकेची फाइल चहाचा घोट घेईपर्यंत जाते. याच बाजारात हजार एमबीपीएसचे स्विचही मिळतात, दीड-दोन पट पैसे पडतात. तुमच्याकडची दोन तरी मशिनं गेल्या दहा-बारा वर्षांतली असतील आणि व्हिडिओ हलवत असाल तर तो घ्या. माझ्यासारख्या पत्रिकावाल्यांनी उगाच घेऊ नये.

आकड्यांचं प्रकरण. राउटर असला की तो प्रत्येक मशीनला पत्ता वाटतो. साधा स्विच काहीच वाटत नाही. मग विंडोज थोडा वेळ वाट बघतं आणि १६९.२५४ नं सुरू होणारा एखादा पत्ता स्वतःच धारण करतं. त्यावरही मशिनं आपापसांत बोलतात, पण तो आकडा पुढेमागे बदलू शकतो. म्हणून पत्ते आपणच द्यावेत. मी उत्साहात १९२.१६८.१.२, १.३, १.४ असे दिले आणि लॅपटॉपचं इंटरनेट बंद पडलं. अर्धा दिवस इंटरनेटवाल्यांना दोष दिला. दोष माझा होता. घरच्या राउटरचे पत्तेही १९२.१६८.१ नंच सुरू होत होते. लॅपटॉप वायफायनं राउटरला आणि वायरीनं माझ्या स्विचला असा दोन्हीकडे जोडलेला. दोन गल्ल्यांना एकच नाव. त्याला राउटर गाठायचा असे आणि तो वायरीच्या गल्लीत शोधत फिरे. वायरीवाल्या गल्लीला वेगळं नाव दिलं: एक्सपी १९२.१६८.५०.१, सेव्हन ५०.२, लॅपटॉप ५०.३. मास्क सगळीकडे २५५.२५५.२५५.०. गेटवेची, म्हणजे बाहेर जायच्या दाराची, ओळ रिकामी ठेवायची. ती रिकामी आहे म्हणून लॅपटॉप इंटरनेटसाठी वायफायकडेच जातो आणि एक्सपीला बाहेर जायचा रस्ताच माहीत नाही. हे आकडे कागदावर मराठीत लिहून मी प्रत्येक मॉनिटरच्या कडेला चिकटवलेत. भाचा दिवाळीला आला होता तेव्हा फोटो काढून घेऊन गेला.

खरी कोंडी यानंतर आली. लॅपटॉपला एक्सपी दिसेना. पिंग लागतं, फोल्डर उघडत नाही. एक्सपीला फायली देण्याघेण्याची एकच जुनी बोली येते, एसएमबीची पहिली आवृत्ती. विंडोज टेनच्या २०१७ च्या शेवटी आलेल्या १७०९ आवृत्तीपासून ही बोली नव्यानं बसवलेल्या विंडोजमध्ये एक तर मुळात घातलेलीच नसते, नाही तर वापरली नाही की काही दिवसांत आपोआप निघून जाते. त्याला कारण आहे. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो याच जुन्या बोलीतल्या भोकातून. प्रकरण इतकं वाढलं की तीन वर्षांपूर्वी मोडीत काढलेल्या एक्सपीसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती काढावी लागली. लॅपटॉपमध्ये ही बोली पुन्हा चालू करता येते, कंट्रोल पॅनेलमध्ये एक खूण करायची. जो भेटेल तो तेच सांगतो. मी केली नाही. बाहेरच्या जगाशी बोलणारं घरातलं एकमेव मशीन तेच, त्याचाच दरवाजा उघडा का टाकायचा?

त्यापेक्षा सेव्हनला मधे बसवलं. सेव्हनला जुनी बोलीही येते आणि नवीही. मधल्या सुनेसारखं: सासूबाईंशी त्यांच्या भाषेत, धाकटीशी तिच्या भाषेत. शेअर केलेलं फोल्डर सेव्हनवर एकच, नाव 'काम'. एक्सपी त्यात टाकतं, लॅपटॉप त्यातून उचलतो, दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. सेव्हनचे अपडेटही १४ जानेवारी २०२० ला संपले, म्हणून तेही वायफायला जोडलेलं नाही. जुनं असलं तरी २०१७ ची ती दुरुस्ती त्यात आहे ना, एवढं मी भाच्याकडून बघून घेतलं.

सेव्हननं दोन हट्ट केले. एक, गेटवे नसलेल्या नेटवर्कला ते 'अनोळखी' म्हणतं आणि सार्वजनिक समजून फायरवॉलनं कुलूप लावतं. ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये 'होम ऑर वर्क' आणि 'पब्लिक' असे दोन वेगळे भाग आहेत. मी पहिल्यात फाइल शेअरिंग चालू करून दोन दिवस डोकं धरून बसले होते, ते दुसऱ्यात करायचं होतं. माझं सेव्हन घराबाहेर जात नाही म्हणून हे चालतं. लॅपटॉपवर असं करू नका. दोन, पासवर्ड नसलेल्या खात्याला नेटवर्कवरून आत घेत नाही. पासवर्ड लावला. मग तेच नाव आणि तोच पासवर्ड एक्सपीवरही ठेवला, त्यामुळे ते रोज विचारत नाही. लॅपटॉपनं एकदा विचारलं, लक्षात ठेवलं. 'नेटवर्क' वर क्लिक करून मशिनांची नावं दिसायची वाट बघत बसू नका. कधी दिसतात, कधी नाही. पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे सेव्हनचा आकडा लिहा, सरळ उघडतं. मी त्याचा झेड ड्राइव्ह करून टाकलाय.

डीटीपीवाल्यांसाठी दोन गोष्टी. लॅपटॉपवरून फायलींना मराठी नावं देऊ नका. एक्सपीत भारतीय लिप्यांचा आधार वेगळा बसवलेला नसेल तर तिथे नुसते चौकोन दिसतात. मी अंक आणि इंग्रजी अक्षरांवर भागवते. आणि फायली पोचतात म्हणजे त्या तिकडे वाचता येतात असं नव्हे. श्रीलिपीतला जुना मजकूर सेव्हनवर उघडला तर इंग्रजी अक्षरांचा भुसा दिसतो, कारण अक्षरांची जागा फॉन्टनं ठरवलेली, युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या संकेतानं नाही. एक्सपीवरच पीडीएफ करते आणि तीच 'काम' मध्ये टाकते. प्रिंट सेव्हनवरून. एक्सपीवरून थेट वरच्या प्रिंटरला छापायचाही प्रयत्न केला होता, ड्रायव्हरच्या भानगडीत सोडून दिला.

एक्सपीतली बटणाएवढी सीआर २०३२ बॅटरी संपलेली होती. रोज सकाळी ते मशीन २००२ सालात उठायचं. पेनड्राइव्हच्या काळात याचं काही वाटलं नाही. नेटवर्कवर मात्र तारखेवरून नवी-जुनी फाइल ठरवायला गेले आणि आदल्या दिवशी दुरुस्त केलेल्या प्रूफावर महिन्यापूर्वीचं प्रूफ बसवलं. पत्रिका होती, वराच्या आजोबांच्या नावाआधी 'कै.' लागलं होतं आणि आजोबा हयात. सुदैवानं छापायच्या आधी दिसलं. बॅटरी तीस रुपयांची.

डब्याकडे परत येते. वर्षभर चोवीस तास चालू. मे महिन्यातही हाताला फक्त कोमट लागतो. लाइट गेली आणि आली की पाच-सात सेकंदांत पुन्हा हजर, काही सांगावं लागत नाही. त्याचा अडाप्टर मात्र इतका रुंद की बोर्डावरचं शेजारचं भोक झाकतो. मी त्यासाठी एक्स्टेन्शन घेतलं, दीडशे रुपये आणखी. कंपनीचं नाव म्हणूनच लिहीत नाही. आणि तसंही जेल रोडच्या मालकांनी तीन कंपन्यांचे डबे समोर ठेवले होते, मला दिसलेला फरक रंगाचा आणि वीस-तीस रुपयांचा. वॉरंटीचं कार्ड दुकानाचा शिक्का मारून घ्या, मी विसरले.

विसरले ते जुलैत आठवलं. रात्री वीज कडाडली, सगळ्या घराचे दिवे एकदा मिचकले, आणि सकाळी एक्सपीचं मदरबोर्डावरचं लॅन, म्हणजे नेटवर्कची वायर बसते तो भाग, गेलेलं. स्विचचं ते पोर्टही गेलं. बाकीची चार चालू! मी वायर शेजारच्या पोर्टात घातली आणि जेल रोडवरून रिअलटेक ८१३९ चं जुनं पीसीआय कार्ड, मशिनात वेगळं बसवायचं नेटवर्कचं, दीडशेला आणलं. एक्सपीनं ते सीडी न मागता ओळखलं; त्या कार्डाचा ड्रायव्हर एक्सपीतच आहे. जुनं मशीन असल्याचा फायदा वर्षात एवढा एकदाच झाला. आता ढग दिसले की मी आधी स्विचच्या तिन्ही वायरी उपसते, मग गच्चीवरचे पापड.

म्हणजे पाचातलं एक पोर्ट मेलेलं, तीन कामात, एक रिकामं. मागच्या आठवड्यात इंटरनेटवाला नवा डबा बसवायला आला. त्याचं काम झालं, हातात वायरीचा एक तुकडा उरला, त्याची नजर माझ्या स्विचवर गेली. "आंटीजी, एक खाली है. इसमें भी नेट दे दूँ? फ्री में." मी खालून ओरडले ती जाऊबाईंच्या घरापर्यंत ऐकू गेले म्हणे. त्या रिकाम्या पोर्टावर आता सेलोटेप आहे आणि सेलोटेपवर श्रीलिपीतून छापलेली पट्टी: येथे काहीही लावू नये.